गाडी जेवल्यावर

"सावळखेडे फाटा नाही," कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या सीटकडे वळला. प्रमिलाला वाटलं, त्याला नीट ऐकू गेलं नसेल. तिनं पुन्हा तेच नाव सांगितलं. तेव्हा तिकिटांची पेटी काखेत दाबून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "बाई, तो टप्पाच काढला. या महिन्यापासून. पारोळ्याचं घ्या, नाहीतर मुकटीचं घ्या." ती म्हणाली, "मला फाट्यावर उतरायचंय." "उतरा ना. पुलापाशी सांगून बघा ड्रायव्हरला. पण तिकीट मुकटीचं." त्याच्या बोलण्यात गुर्मी नव्हती. उलट थोडी समजूत होती, घरातलं माणूस हरवलेल्याशी बोलतात तशी. मुकटीचं तिकीट हातात आलं. मागच्या सीटवरची बाई कोणाला तरी सांगत होती, "अगं, तो जुना फाटा. भरीत मिळायचं बघ तिथं." मग तिचं बोलणं भरतावरून वांग्यांवर आणि वांग्यांवरून सुनेवर गेलं. प्रमिला तिकिटाची घडी घालत राहिली. जिथं जायचं ते गाव आता तिकिटावरही नव्हतं, आणि ही गोष्ट आपल्या मनाला का लागावी हे तिला कळेना. टप्पा काढला म्हणून घर हलत नाही. घरात माय होती, आणि मायला आज काहीतरी सांगायचं होतं.

काय सांगायचं, ते मात्र एरंडोल मागे पडलं तरी ठरलं नव्हतं. नाना, तिचे वडील, जाऊन महिना झाला होता. गेले ते जळगावला, दवाखान्यात. त्या वेळी जवळ प्रमिला एकटीच होती. माय तापानं फणफणली होती म्हणून भावानं, भटूनं, तिला घरीच ठेवलं होतं. दहाव्याच्या दिवशी बायका उठून गेल्यावर मायनं नानांचं विचारलं होतं, "शेवटला काय बोलनात त्या?" आणि प्रमिलानं मुळीच विचार न करता सांगितलं होतं, "तुझं नाव घेतलं." मायनं रिकामी कळशी उचलली आणि ती आत गेली. त्यानंतर वरणगावहून भटूचा निरोप आला. तो कारखान्याच्या ड्यूटीतून रविवारी फाट्यावर जाऊन आला होता. माय एकच वेळ खाते, तेही दोन घास. जो येईल त्याला सांगते, परमिलाले खरं इचारा. तूच जा आणि काय असेल ते नीट सांगून ये, भटूनं कळवलं होतं, नाहीतर ती नानांच्या मागोमाग जाईल. खरं सांगणं अवघड नव्हतं. वाक्य साधं होतं, लहान होतं. पण ते सांगितलं की नानांनी शेवटी आपल्याला ओळखलं नव्हतं हेही सांगावं लागलं असतं. ते प्रमिलानं अजून स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

खिडकीबाहेर कपाशीची वेचून झालेली रानं होती. पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले. या पऱ्हाट्यांवर नाना वांगी भाजत. ती हिरवी, पांढऱ्या रेघांची लांबट वांगी आगीत पडली की त्यांच्या सालीचा आधी नुसता ओलसर, मग कडवट, मग एकदम गोड असा वास सुटे, आणि त्या गोड वासाच्या वेळी गाडी चढावर दिसली पाहिजे असं त्यांचं गणित असे. फाट्यावर जुना रस्ता उतरून नदीच्या फरशीवर, ठेंगण्या दगडी पुलावर जाई. उताराच्या अलीकडे गोड्या पाण्याची विहीर होती. इंजिनाला पाणी पाजायला ड्रायव्हर थांबत, आणि ड्रायव्हर थांबतो तिथं माणसं उतरतात. एवढ्यावर ते सगळं उभं राहिलं होतं. नानांचं हॉटेल, रतिलालची पानटपरी, तोतारामचं पंक्चरचं दुकान, लताबाईची शेंगांची टोपली. पुढे एसटीनं तो अधिकृत थांबा केला, पंधरा मिनिटांचा. धुळ्याकडच्या, जळगावकडच्या, इंदूरला जाणाऱ्या गाड्या येत. गाडीतून उतरणारी माणसं अंग मोडत, डोळे चोळत, लहान मुलांना कडेला बसवत, आणि नानांचा चेहरा बदले.

तो चेहरा हीच प्रमिलाच्या लहानपणाची मोठी गोष्ट होती. घरात नाना फार बोलत नसत. बोलत ते अहिराणीत आणि कामापुरतं. चूल पेटाड, पानी आन, भाकर टाक. हसलेले तिनं पाहिले नव्हते. पण गाडीचं दार उघडलं की त्यांच्या तोंडून एक वेगळीच भाषा येई, कोऱ्या कापडासारखी. "या ताई, बसा. हात धुवून घ्या. सावकाश, गाडीला वेळ आहे." कोणा म्हातारीला ते हात धरून उतरवत. कोणाच्या रडक्या पोराला गुळाचा खडा देत. एकदा तिच्याच वयाची, लाल रिबिनी लावलेली एक मुलगी बापाचा हात सोडून हॉटेलात आली, तर नानांनी तिला दोन्ही हातांनी उचलून बाकावर बसवलं आणि विचारलं, "काय देऊ आमच्या बाईसाहेबांना?" प्रमिला चुलीजवळ वांग्याची सालं सोलत होती. बोटं भाजत होती. तिला त्या मुलीचा राग आला नाही. तिनं एवढंच ठरवलं, की आपण मोठं होऊन गाडीतून यायचं.

आणि भूक. फाट्यावर एक रीत होती, गाडी जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. ती कोणी घालून दिली कोण जाणे. नाना म्हणत, यजमान कधी पंगतीआधी बसतो का. गाडी फुटलेल्या टायरमुळे वाटेत अडकली, फरशीवर पाणी चढलं म्हणून पलीकडे थांबली, तरी चुलीवरचं अन्न चुलीवर राही. दुपार कलली तरी भटू आणि ती ओट्यावर बसून चढाकडे बघत. मग धूळ दिसे, भोंगा, गलका, ताटल्यांचा आवाज. मग पुन्हा भोंगा, आणि गाडी उतारावरून फरशीकडे गेली की एकदम शांतता. त्या शांततेत माय हाक मारी. अजूनही जळगावच्या स्टँडवरून एखादी गाडी सुटताना तिच्या आवाजानं प्रमिलाला भूक लागते. इतक्या वर्षांच्या नोकरीनं, पुस्तकांनी, वेळेवर येणाऱ्या जेवणाच्या डब्यानं ते गेलं नाही.

पारोळ्याला गाडी बराच वेळ थांबली. खाली उतरून चहा घ्यावासा वाटला नाही. कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकवते. दर वर्षी पावसाळ्यानंतर एका तासाला ती पोरांना लहान बेटांबद्दल सांगते. वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात तिनं लेख वाचला होता. दूरच्या समुद्रातलं एक बेट. त्याचं नावही आता तिला नीट आठवत नाही. तिथं सहलीची मोठी पांढरी जहाजं येत, सकाळी माणसं उतरत, शिंपल्यांच्या माळा घेत, नारळाचं पाणी पीत, फोटो काढत, आणि दिवस मावळायच्या आत जहाज निघून जाई. बेटावरच्या लोकांनी जाळी टाकणं सोडलं होतं, कंदांची शेती सोडली होती. मग वादळात धक्का फुटला, आणि तो दुरुस्त होईपर्यंत जहाजांनी दुसरं बंदर धरलं. लेखकानं लिहिलं होतं की लोक हळूहळू पर्यायी व्यवसायांकडे वळले. प्रमिला ते वाक्य फळ्यावर लिहून देई. यंदा मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "पण मॅडम, वळेपर्यंत ते जेवत काय होते?" वर्ग हसला. तीही हसली आणि म्हणाली, "लेखात ते नाही." खरं तर लेखात एक ओळ होती. जहाजं बंद झाल्यावर माळा विकणाऱ्या बाया त्या माळा स्वतःच घालून बसू लागल्या, असं लेखकानं लिहिलं होतं, आणि ही त्या बेटाच्या अवनतीची खूण म्हणून नोंदवली होती. ती ओळ प्रमिला शिकवत नसे. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

फाट्याचं बेट होताना तिनं पाहिलं होतं, पण प्रत्येक सुटीत थोडं थोडं. वरच्या अंगाला नदीवर नवा पूल झाला आणि सरळ नवा रस्ता आला, तेव्हा ती नोकरीत लागून थोडी वर्षं झाली होती. उद्‌घाटनाला फाट्यावरचे सगळे नटून गेले होते. रतिलालनं पाहुण्यांना फुकट विडे दिले. टाळ्या वाजवून सगळे पायी परत आले आणि आपापल्या जागी बसले. नाना म्हणाले, "रस्ता तिकडून गया तं जाऊ दे. ड्रायव्हरले भूक तं लागीच ना." पहिले काही दिवस दोन-चार जुने ड्रायव्हर खरंच वाकडी वाट करून आले. मग वरून तंबी आली असेल, किंवा त्यांच्या बदल्या झाल्या असतील. ते यायचे थांबले. रतिलालनं टपरी हातगाडीवर चढवून पुलापाशी नेली. तिथं गाड्या थांबत नसत, नुसता वारा लागे. एक दिवस तो धुळ्याला मेव्हण्याकडे निघून गेला. भटू वरणगावला लागला. तोताराम बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा ठोकू लागला. लताबाई कापूस वेचायला जाई आणि उरल्या वेळात टोपली घेऊन पुलावर बसे. प्रमिलाला त्या दिवसांतलं एक आठवतं, आणि ते तिला तेव्हाही चमत्कारिक वाटलं होतं. गाड्या बंद झाल्यावर कळलं की इतकी वर्षं शेजारी राहून लताबाईनं नानांच्या हातचं भरीत कधी खाल्लंच नव्हतं, आणि नानांनी रतिलालचं पान. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे होती. एकमेकांच्या त्यांना फक्त पाठी माहीत होत्या.

नाना मात्र तिथंच राहिले. भाजायचे, कुटायचे, टेबल पुसायचे. मागच्या दोन वर्षांत त्यांचं भान अधूनमधून सुटू लागलं. प्रमिला सुटीत आली की ते तिच्याकडे क्षणभर बघत आणि खांद्यावरचं फडकं काढून बाक झटकत. "या ताई. धुळ्याहून आलात?" पहिल्या खेपेला ती म्हणाली, "नाना, मी परमिला." त्यांचा चेहरा असा काही ओशाळा झाला, गिऱ्हाइकापुढे ताटली फुटल्यासारखा, की पुढच्या खेपेला ती गप्प बसली. बाकावर बसली. त्यांनी वाढलं, तिनं खाल्लं. "तिखट नाही ना झालं?" त्यांनी विचारलं. ते हसले. लहानपणी तिनं जे ठरवलं होतं ते अखेर झालं होतं, ती गाडीतून आली होती. मायकडे बघायची तिला हिंमत झाली नाही.

"पूल," कंडक्टर ओरडला. ड्रायव्हरनं नाराजीनंच गाडी हळू केली. प्रमिला उतरली तेव्हा कठड्याच्या सावलीत लताबाई टोपली घेऊन बसलेली होती. हात कपाळावर धरून तिनं पाहिलं. "परमिला, तू शे का? उतारं का त्यानी तुले?"

"उतरवलं. तिकीट मुकटीचं दिलं. टप्पा काढला म्हणाला."

"हा, काढा. नाना गया, त्याना मांगे टप्पा गया. सती गया तो." लताबाई हसली आणि टोपली डोक्यावर घेत उठली. "चाल, मीबी येस. आज कोनी खात नही शेंगा. नव्या गाड्यास्ना काचा उघडतसच नही."

जुना रस्ता आता बाभळींनी दोन्ही बाजूंनी आत घेतला होता. डांबर मधेच दिसे, मधेच नाहीसं होई. दोघी एकामागून एक चालत होत्या. प्रमिलानं विचारलं, "माय खरंच जेवत नाही?"

"एकली माणूस काय जेवी? आते गाडी कोठे शे." लताबाईनं मागं वळून पाहिलं. प्रमिलाचा चेहरा पाहून ती थांबली. "तुले माहीत नही? मायनी सांगं नही तुले?"

"काय?"

"दोन वरीस आम्ही बठ्ठा गाडी व्हतूत."

प्रमिलाला कळलं नाही. लताबाईनं टोपली एका दगडावर ठेवली आणि सांगू लागली, आधी जरा चाचरत, मग मजेत येऊन. नानांचं भान गेलं तसं त्यांनी खाणं सोडलं. भाकरी थंडगार होई तरी ते बाकावर बसून. 'गाडी येऊ दे,' म्हणत. कोणाचं ऐकत नसत. वाळून काडी झाले. "एक रोज तुनी मायनी पिशवी लिधी, डोकावर पदर लिधा, मांगला दारथून निंघनी आन पुढला दारथून उनी. म्हने, 'शेठ, जेवायला मिळेल का?' नाना झट उठना. टेबल पुसं. 'या ताई, बसा.' ती जेवनी, भाईर गई. मंग नाना बठना आन दीड भाकर खाई गया." लताबाईनं डोळे पुसले, हसून आलेलं पाणी होतं की काय, ते कळलं नाही. "पन एक बाईनी कोठे गाडी व्हस? दुसरा रोज तो म्हने, एकच सीट कशी उनी? म्हनीसन मंग आम्ही. कोनी वांगा आने, कोनी पीठ. तोताराम पैले आडमांगे जाईसन भोंगा वाजाडे, ट्रकना रबरना भोंगा शे ना त्याना कडे, आन मंग टोपी घालीसन इंदूरना शेठ बनीसन ये. 'तिखट कमी करा हो नाना, आम्ही इंदूरचे.' नाना असा हासे."

"आणि तू?"

"मी मास्तरीन." लताबाईनं पदर खांद्यावर चापून घेतला आणि मान ताठ केली. "'जरा लवकर करा, मला कॉलेजला जायचं आहे.' तुनंच सोंग लेऊ मी. राग नको धरू."

प्रमिलानं राग धरला नाही. तिला आठवत होती मागची दिवाळी. ती आली तेव्हा तोताराम टोपी घालून बाकावर बसला होता, बोटं चाटत होता, आणि नाना त्याला आणखी वाढत होते. मागच्या दारी जाऊन तिनं मायला म्हटलं होतं, हे लोक नानांच्या भोळेपणावर जगतात. माय पऱ्हाट्या मोडत राहिली होती. "मला कोणी सांगितलं का नाही?" प्रमिलानं विचारलं.

"तुनी माय म्हने, ती शिकेल बाई शे. ती आमले येडा म्हनी." लताबाईनं टोपली उचलली. "आन तुले काय सांगनं? तू तं खरीच गाडीमाईन ये."

उरलेली वाट प्रमिला पुढे होऊन चालत राहिली. नदीत पाणी नव्हतं. फरशीवर शेळ्या बसल्या होत्या. तिच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली ती पांढऱ्या-निळ्या पडद्याची खाट होती. नानांनी दोन दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं. चमचा ओठाशी नेला की ते मान वळवत. नर्स चिडली, मग कंटाळली. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, शरीर नको म्हणतं, असं डॉक्टरांनी प्रमिलाला समजावलं, आणि तिनंही ते समजून घेतलं. समजून घेणं तिला नेहमी जमत आलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी ती कॉलेजातून तशीच आली. पर्स मांडीवर धरून खाटेशेजारच्या स्टुलावर बसली, आणि नर्सशी औषधांबद्दल काही बोलली. नानांनी डोळे उघडले. त्यांची नजर आधी पर्सवर गेली, मग तिच्या चेहऱ्यावर, आणि ते हसले. तेच हसू. त्या औषधांच्या वासाच्या, कोंदट वॉर्डात ते अगदी जसंच्या तसं आलं. "ताई," ते म्हणाले, "जेवल्या का?"

ती म्हणाली, "हो. जेवले."

"बाकीची मंडळी?"

"सगळी जेवली."

"ड्रायव्हर?"

"तोही जेवला."

"मग बरं," नाना म्हणाले. थोड्या वेळानं तिनं पेजेची वाटी जवळ नेली तर त्यांनी तोंड उघडलं. ती भरवत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट होती, की हे हसू, हे बोलणं आपल्याला नाही, गाडीतल्या कोणा बाईला चाललंय. पेज ते खात आहेत, हे तिनं पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ तिच्या लक्षात आला नव्हता. पहाटे ते गेले. नंतर महिनाभर ती ते हसू मनात उलटून पालटून पाहत राहिली, आणि दर वेळी त्याखाली स्वतःचं नाव नाही एवढंच तिला दिसत राहिलं.

हॉटेलच्या पुढच्या दाराला कडी होती. लताबाई आपल्या घराकडे वळली. प्रमिला बाजूनं मागच्या दारी गेली. माय चुलीपुढे बसली होती. ती महिन्याभरात लहान झाली होती, लुगडं तेवढंच होतं. "उनी का?" ती म्हणाली. "बस. पाय धव. पानी तपेल शे." प्रमिलानं पाय धुतले. आत येऊन भिंतीशी बसली. चुलीत दोन वांगी होती. त्यांची साल तडतडत होती.

मग माय म्हणाली, "त्यास्नी मनं नाव नही लिधं."

"नाही," प्रमिला म्हणाली.

"माले तवयच समजनं. चाळीस वरीसमा त्यास्नी कधी मनं नाव लिधं नही. भाईरनं माणूस म्हनी, नाव लिधं व्हई. तू आठेनी आंडेर, घरनी पोर. तुले समजाले पाह्यजे व्हतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. चुकलेला पाढा दुरुस्त करावा तसं ते होतं. "मंग काय बोलनात?"

प्रमिलानं सांगितलं. सगळं, क्रमानं सांगितलं. पर्स मांडीवर होती, ते सांगितलं. ते हसले, ते सांगितलं. 'ताई' म्हणाले, हेही सांगितलं, आणि ते सांगताना आवाज बदलू नये म्हणून ती जरा थांबली. मायचे हात चुलीशी तसेच राहिले होते.

"ड्रायव्हरनं बी इचारं त्यास्नी?"

"हो."

"तू काय सांगं?"

"तोही जेवला, म्हटलं."

"मंग?"

"मग बरं, म्हणाले. मग पेज खाल्ली."

"कितली?"

"वाटीभर. थोडी राहिली."

"ऊन व्हती?"

"कोमट होती."

मायनं चिमट्यानं वांगं फिरवलं. मग दुसरं फिरवलं. पदर तोंडाशी नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. "मी ताप लिसन आठे पडेल," ती अखेर म्हणाली, "आन रोज इचार करू, त्या तठे कसा जेवतीन. तठे तं कोनी गाडी नही. भटूले सांगाले लाज वाटनी. तुले सांगाले बी. मी म्हने, त्या उपाशी गयात. गाडीनी वाट पाहत गयात."

प्रमिलाला मग कळलं की महिनाभर माय तिला हेच विचारत होती. काय बोलले, हा प्रश्न नव्हताच तो. आणि तिनं काही न कळता, केवळ त्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा ओशाळं करायला नको म्हणून दिलेली ती तीन उत्तरं, त्यांच्या जोरावर नानांच्या पोटात एक वाटी पेज गेली होती. "त्यांनी मला ओळखलं नाही, माय," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला वाटलं होतं तितकं काही झालं नाही.

"माले तरी कोठे वयखं? मी बी त्यास्ले धुयानी बाई, गाडीमाईन उतरेल." मायनं वांगी ताटलीत काढली, पाण्याचा हात लावत सालं ओढू लागली. "पन तुले एक सांगू का? लगीन व्हयनं तवयपासून त्यास्नी माले कधी वाढेल नव्हतं. त्या दोन वरीस वाढं. मी बाकवर बसू आन त्या उभा ऱ्हायेत. 'ताई, अजून घ्या. लाजू नका.'" ती नानांची भाषा मायच्या तोंडी नवीन होती, तरी तिचं वळण अगदी बरोबर होतं, कितीतरी वेळा ऐकलेलं. मायच्या गालांवर रंग चढला, चुलीचाही असेल. "येक रोज तं मी भूक नसताना बी मांगला दारथून निंघनू. लताले नही सांगं. आपली एकलीच गऊ, एकलीच उनू."

प्रमिलाला त्या बेटावरच्या बाया आठवल्या, शिंपल्यांच्या माळा गळ्यात घालून बसलेल्या. लेखकानं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, कोण जाणे. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि मायच्या ताटलीतलं एक वांगं आपल्याकडे घेतलं. साल अजून गरम होती. बोटांना ओळखीचा चटका बसला.

मायनं भरीत कालवलं, हिरवी मिरची, लसूण, भाजलेले दाणे, वरून कच्च्या तेलाची धार. टोपल्यातून फडक्यात गुंडाळलेली, अजून गरम अशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काढली आणि प्रमिलापुढे ताट सरकवलं. स्वतः मागं सरून गुडघ्यांवर हात ठेवून बसली. "तवय तू खरंच जेवेल व्हती का?" तिनं विचारलं.

"नाही. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

"मंग खोटं बोलनी."

"हो."

"बरं करं," माय म्हणाली. "जेव आते."

प्रमिलानं हात लावला नाही. "तू घे तुझं."

"पहिले तू. तू गाडीवरथून उनी."

"मला तिकीट मुकटीचं दिलं त्यानं," प्रमिला म्हणाली. "मी या फाट्याची सवारी नाही." आणि मग तिला बऱ्याच वर्षांत जमलं नव्हतं ते सहज जमलं, तोंडून घरची भाषा आली. "तू बसशी तवयच मी जेवसू, माय."

मायनं तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. दुसरी ताटली नव्हतीच जवळ, ती फळीवर होती. मायनं फळीकडे पाहिलं, उठायचा कंटाळा केला, आणि तेच ताट दोघींच्या मध्ये ओढून घेतलं. भाकरीचा एक काठ तिनं धरला, दुसरा प्रमिलानं. ती मोडली तेव्हा वाफेचा एक बारीक झोत वर आला, आणि माय म्हणाली, "मीठ कमी व्हई जरासं," आणि जेवू लागली.